तिला सांग, बाबाला सांग

११ ऑगस्ट, बेलिंगहॅम

बोट अजून मरीनात बांधलेली आहे आणि माझं डोकं आत्तापासूनच दुखतंय.

केया एअरपोर्टवर न्यायला आली. मला घट्ट मिठी मारली, बापाच्या हातातली बॅग घेतली आणि मला विचारलं, "आई, बाबाला कारमध्ये एसी हवाय का?" चारुदत्त माझ्या शेजारीच उभा. तो मला म्हणतो, "तिला सांग, चँडलरच्या वाळवंटातून आलोय, आम्हाला इथे थंडीच वाजतेय."

सांगितलं. तिने ऐकलेलं होतं, तरी सांगितलं.

१२ ऑगस्ट, बेटांमध्ये कुठेतरी

म्हणायला समुद्र. एका बाजूला अमेरिका, दुसऱ्या बाजूला कॅनडा, मधे ही झाडांनी भरलेली बेटं. लोक सुट्टीत अशी बोट घेतात आणि केया ती चालवते. या आठवड्यात कुणाचं बुकिंग नव्हतं म्हणून आम्हाला बोलावलं. छान आहे सगळं. मला बघायला त्राण नाही.

तीन वर्षं झाली. बापाने खटपट करून स्वतःच्या चिप कंपनीत लावून दिलेली नोकरी तिने सोडली. "एवढं शिकून शेवटी नावाडी?" हा म्हणाला. तीही काहीतरी बोलली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद आणि मी टेलिफोन एक्सचेंज. फोनवर निदान मधे दोन-तीन राज्यं तरी असतात! इथे बोट आमच्या किचनएवढी. गुडघ्याला गुडघे लागतात, तरी "तिला सांग, शीड जरा ढिलं कर." "आई, टेल बाबा, हे माझं काम आहे."

सप्टेंबरमध्ये माझ्या गळ्यातली गाठ काढायची आहे. कॅन्सर आहे, पण चांगल्यातला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यातही चांगला असतो म्हणे! गाठ आवाजाच्या नसेला चिकटली आहे. आवाज बसेल, परत येईलच असं नाही. मला मरायची भीती नाही वाटली. पहिला विचार आला तो हाच, की मग या दोघांचं काय होणार?

अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आधी सांगितलं तर दोघंही मलाच धरून बसतील. आधी हे एकमेकांशी बोलू देत, मग सांगेन.

१३ ऑगस्ट

पाण्याची टाकी संपली. माझ्यामुळे. तांदूळ तीन पाण्यांनी धुतले, ताटं वाहत्या नळाखाली घासली, आणि सकाळी मस्त डोक्यावरून अंघोळ केली.

"आई, दॅट वॉज द होल वीक्स वॉटर."

"तिला सांग, हे आधी सांगायचं असतं."

"टेल हिम, आय डिड."

खरंच सांगितलं होतं तिने. मला. पुढे सांगायचं माझ्याकडून राहिलं. फ्रायडे हार्बरला जाऊन टाकी भरून आणावी लागली.

१४ ऑगस्ट

दिवसभर धुकं. नांगर टाकून एका जागी बसलो. दोघांच्या मधे बसून माझी मान आखडली.

१५ ऑगस्ट

आज मौन धरलं.

माझी आई चातुर्मासात धरायची, जेवणापर्यंत. काय हवं ते बोटाने दाखवायची आणि घर बिनबोभाट चालायचं. म्हटलं, बघू तरी, माझा आवाज नसला की हे काय करतात.

सकाळी केयाने विचारलं, "आई, आर यू मॅड ॲट अस?" मी नाही म्हणून मान हलवली. ओठांवर बोट ठेवलं. चारुदत्त माझ्याकडे बघतच राहिला. मग हवेत बोलल्यासारखा म्हणाला, "चातुर्मास आहे. मौन असेल." पुढे "तिला सांग" एवढंच म्हणाला. चहा तसाच टाकून उठला. मला बरं वाटलं. दुष्टच म्हणायची मी.

ओहोटीबरोबर इथे मोठाले ओंडके वाहत येतात, अर्धे पाण्याखाली. केयाने मला पुढच्या टोकाला बसवलं होतं. "काही दिसलं की ओरड, आई," एवढंच माझं काम. दिसला. चांगला खांबाएवढा. मी हात केला, दोन्ही हात हलवले. केया खाली स्क्रीनकडे बघत होती, चारुदत्त दुसरीकडे. आणि मी खुळी, मौन मोडायचं की नाही याचा विचार करत बसले! तोंड उघडेपर्यंत धाडकन आदळलो.

"केया, इंजिन बंद कर!"

"बाबा, खाली जा, फ्लोअर उचलून बघ, पाणी येतंय का!"

"नाही! कोरडं आहे!"

"परत बघ, पुढच्या बाजूला!"

पाणी नव्हतं. नुसता ओरखडा. मी टोकाला रेलिंग धरून रडत होते, आणि भीतीने नव्हे. मग दोघांनी मिळून मला फैलावर घेतलं. केया समजू शकते, ती कॅप्टन. पण चारुदत्त तर ओरडायलाच लागला. "असलं मौनबिन परत धरायचं नाही. कळलं? कधीच नाही." इतका का चिडला कोण जाणे. ओरखडा तर बोटीला आला होता.

तीन वर्षांनी बोलताना माणूस अडखळेल की नाही जरा? एकही अडखळला नाही. घाबरल्यावर जमतं बहुतेक.

असो. बोलले. उद्या गाठीचं सांगते.

१६ ऑगस्ट

सकाळी चहा. "तिला सांग, साखर कमी घाल."

मी उठून आत गेले आणि पांघरूण घेऊन पडले. माझ्याच्याने आता होत नाही. काही सांगितलं नाही.

१७ ऑगस्ट, बेलिंगहॅम

सांगून टाकलं. गाठ, नस, आवाज, सगळं. एकालाही धक्का बसला नाही.

"वी नो, आई," केया म्हणाली. जुलैत सर्जनच्या ऑफिसचा फोन आला तेव्हा मी बाहेर होते, चारुदत्तने घेतला. त्याच दिवशी त्याने केयाला फोन केला. तेव्हापासून रोज सकाळी, मी फिरायला गेले की, दोघं बोलतात. ही ट्रिपसुद्धा त्याचीच कल्पना. मी आपणहून सांगेन म्हणून थांबले होते.

मी भडकले. म्हटलं, मग आठवडाभर हे तिला सांग, बाबाला सांग कशासाठी? मी मरमर मरतेय इथे!

चारुदत्तने माझा हात धरला.

"तुझा आवाज ऐकून ठेवत होतो," म्हणाला.