पुस्तिकेचं पहिलं पान

कुमासी, ३ जून

चि. क्वासीस सेरवाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून किळस आली, स्पष्टच लिहिते. बाबा मार्चपासून शवागारात पडून आहेत. सुतकाचे लाल-काळे कपडे शिवून झाले, मांडव ठरला, ढोलवाले ठरले. अडलंय फक्त अंत्यविधीच्या पुस्तिकेतलं पहिलं पान, म्हणजे बाबांचं चरित्र. घरात लेखक असताना दुसऱ्यानं का लिहावं, असं कुळप्रमुख ओसेईकाका म्हणाले. आणि आमचा लेखक आक्र्याहून कळवतो काय, तर टेबल डुगडुगतं, शेजारी रेडिओ लावतात, सुचत नाही! नाचता येईना अंगण वाकडं. मी बाजारात टोमॅटो विकते. सुचत नाही म्हणून कधी गाळा बंद ठेवला नाही.

आता ऐक. पहाटे उठायचं आणि तोंडात घास घालण्याआधी एक कागद भरायचा. खाडाखोड नाही, फाडाफाडी नाही. कसाही असो, कुमासीच्या बसवाल्या मेन्साकडे द्यायचा. चांगलं लिही असं मी म्हणतच नाही. बाबांना त्या थंडीतून बाहेर काढायचंय, एवढं ध्यानात ठेव.

तुझी, सध्या लोभ कमी नि राग जास्त असलेली,
सेरवाताई

आक्रा, ११ जून

ती. सेरवाताईस क्वासीचा शि. सा. न. वि. वि.

रोजचे कागद पोचले असतील. लिहिताना मलाच ओकारी येते. प्रेमळ पिता, देवभीरू गृहस्थ, गोरगरिबांचा आधार! मेलेल्या प्रत्येक माणसाच्या पुस्तिकेत हेच असतं. आपले बाबा अंगणात दातवण चघळत बसायचे आणि आपल्याच पायांशी थुंकायचे. माशाचं डोकं त्यांनी जन्मात कुणाला दिलं नाही. माझी पहिली गोष्ट वर्तमानपत्रात आली, तर त्याच पानात भाजलेलं केळं बांधून आणलं. अर्धं मला दिलं आणि म्हणाले, तुझं लिखाण आता कुठे कामास आलं. तेव्हापासून कोरा कागद दिसला की ती काजळी लागलेली बोटं आठवतात. केळं गोड होतं, हेही खरं.

आजच्या कागदावर चिडून हेच सगळं खरडलंय. छापायला नाही; वाचून चुलीत घाल.

रागावलीस तरी आपलाच समजावे,
क्वासी

कुमासी, २७ जून

चि. क्वासीस अ. आ.

चुलीत घातलं नाही, ते तू छापलेलं पाहिलंसच. ओसेईकाकांना वाचून दाखवलं तेव्हा आधी त्यांनी काठी आपटली, बापाची लक्तरं पाहुण्यांत टांगणारा हा कोण म्हणाले. माशाच्या डोक्याशी आले नि हसत सुटले, हसता हसता रडले. मग म्हणाले, एक अक्षर बदलू नका, हाच तुमचा बाप, हाच आपला ओपोकू.

तू मात्र दफन होताच आक्र्याला पळालास, म्हणून पुढचं तुला ठाऊक नाही. मांडवाबाहेर केळीवाली उरलेल्या पुस्तिका फाडून त्यांत केळी बांधत होती. माझ्या हाती आलं ते नेमकं तुझंच पान. अशी शिसारी आली की तिची शेगडी उलथणार होते. मग बाबा आठवले. तिथेच उभी राहून तुझं पान वाचत केळं खाल्लं. रडले, खोटं कशाला सांगू?

आज मेन्सा रिकाम्या हातानं आला. माती बाबांना दिली, तुझ्या पहाटेच्या कागदाला नाही. उद्याचा कागद पाठव. कसाही असो, केळं बांधायला तरी होईल.

तुझी, पुन्हा थोडा लोभ उरलेली,
सेरवाताई