काठावरून मोजलेल्या चार फेऱ्या

प्रिय बेडके,

आज सकाळी तू मारलेल्या चार फेऱ्यांचा खरा खर्च सांगतो. दहा आठवडे, पोटावरची सिझेरियनची वीतभर शिवण, डॉक्टरीणबाईंकडे तीन खेपा, आणि महिनाभर गप्प बसलेला तुझा बाप. शेवटची बाब सगळ्यांत जड गेली, आईला विचार.

सुरुवात मीच बिघडवली. बाळ तीन आठवड्यांचं झालं, तू घरभर हिंडायला लागलीस, आणि मी आपल्या पोहण्याच्या तलावाच्या तिकीटखिडकीवर जाहीर करून मोकळा झालो की रविवारी आमची मास्तरीण पाण्यात. तू म्हणालीस, "बाबा, अजून अंगावरून जातंय. टाके ओढतात." त्यावर मी, "अगं, पाणी आपल्या घरचं आहे! तीस वर्षं सांभाळतोय मी हा तलाव. पाण्यातलं मला कोणी शिकवायचं नाही!" हेच भाषण डॉक्टरीणबाईंनाही ऐकवलं. त्यांनी लिहिता लिहिता मानसुद्धा वर केली नाही. "काका, पाणी तुमचं चांगलंच असेल. मी जखम बघणार." रक्त जाणं पूर्ण थांबलेलं हवं, जखम सगळीकडून बंद आणि कोरडी हवी, सहा आठवड्यांनी तपासणी, आणि त्या हो म्हणाल्या तरच पाणी.

सहा आठवडे झाले, तर शिवणीच्या डाव्या टोकाला मसुराएवढी जागा ओलसर निघाली. "अजून थांबायचं." घरी येताना तू सारा वेळ खिडकीबाहेर बघत होतीस आणि मला आपल्या तलावाचं पहिलं वर्ष आठवत होतं. फरशांचे सांधे भरले होते, वरून खडखडीत वाळले होते. गवंडी नको नको म्हणत असताना मी चौथ्या दिवशी पाणी सोडलं. आठवड्याभरात निम्म्या फरशा उखडल्या. गवंडी एवढंच म्हणाला, "शेठ, तुम्ही वरनं बघितलंत." अगं, तेच मी पोटच्या पोरीच्या पोटाबाबत करायला निघालो होतो!

माझे कान तुला ठाऊक आहेत. जेवताना पंपाचा सूर बदलला तर माझा घास हातात राहतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तू दार लोटून जावईबापूंशी फोनवर बोलत होतीस. "हे पोट माझं वाटतच नाही रे. पाण्यात गेले आणि अंगानं ओळखच दिली नाही तर?" ते ऐकलं आणि तोंडाला कुलूप लावलं. खिडकीवर कोणी विचारलं की सांगायचो, डॉक्टरीणबाई म्हणतील तेव्हा.

काल ती जागा कोरडी निघाली आणि त्या हो म्हणाल्या. उडी नाही, दम लागेपर्यंत नाही, जरा ओढ बसली की बाहेर. आज तू शिडीनं उतरलीस आणि छातीभर पाण्यात इतका वेळ उभी राहिलीस की बाळाला खांद्यावर घेतलेली आई ओरडली, "अगं बाई, एक तर जा, नाहीतर वर ये!" मग तू पुढे झुकलीस. पहिली फेरी खेकड्यासारखी तिरकी. दुसरीत कोपर बाहेर आलं ते थेट नऊ वर्षांची असताना यायचं तसं. तिसरीला तिकीटवाला गिऱ्हाईक सोडून टाळ्या वाजवायला आला. चौथी संपवून तू कठड्याला धरलंस आणि अख्ख्या तलावाला ऐकू जाईल असं ओरडलीस, "बाबा, आहे! सगळं आहे!" एवढं मोठं वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही, पोरी.

एकाच घरात राहून पत्र कसलं, असं तुला वाटेल. समोर बोलायला जीभ रेटत नाही म्हणून. पाण्याला भिणाऱ्या मोठ्या माणसांसाठी तू पुढच्या महिन्यात वर्ग काढतेयस ना, त्यात एक नाव घाल. कानाचा पडदा फाटलाय म्हणून बाबा पाण्यात उतरत नाहीत, असं तुला लहानपणापासून सांगत आलो. कान ठणठणीत आहेत. मला पोहता येत नाही.

तुझाच, काठावरचा
बाबा