कॅल्शियमची बाटली

सर, काल तुमच्या पिरनवाडीच्या गोठ्यात जाऊन आले. तुम्ही असता तर पाऊल ठेवू दिलं नसतं, म्हणून मुद्दाम सांगते.

बेळगुंदीची ती म्हस आठवते का? तुम्ही मेल्यावर तरी आठवू दे. व्यायल्यावर अंगातलं कॅल्शियम उतरून बसलेली, अंग गार. मी नवी डॉक्टर, तुमच्या हाताखाली. कॅल्शियम शिरेतून सावकाश सोडायचं, छातीला कान लावून, नाहीतर काळीज बंद पडतं, एवढं मला कॉलेजातच शिकवलेलं. तुम्हाला लग्नाला जायची घाई. बाटली उंच धरून धडाधडा सोडलीत. "सर, सावकाश," म्हटलं, तर म्हणालात, "तू शिकवणार व्हय मला?" मिनिटभरात म्हशीनं पाय ताठ केले. मालकीण ऊर बडवायला लागली तसं तुम्ही थंडपणे म्हणालात, "नवी हाय. बाईमाणसाचा हात, चुकतोय." चोर सोडून संन्याशाला फाशी! निघताना डॉक्टरच्या हातावर गरम पाणी ओततात ना आपल्याकडं, त्या माउलीनं तुमच्या हातावर ओतलं आणि माझ्यासमोर तांब्या उपडा केला. शेणाच्या हातांनी तुमच्या मोटारसायकलवर मागं बसून आले. तोंडातून शब्द काढला न्हाय, त्याचाच राग जास्त.

मग सूडच धरला. लई राबले. निपाणीपर्यंतची गावं मला बोलवायला लागली. जनावर उठलं की मनात म्हणायची, घ्या सर! तुम्ही गेलात तेव्हा हळहळ वाटली ती एवढीच, की तुमची जिरलेली बघायला मिळाली नाही.

आणि काल तुमच्या लेकाचा फोन. "डॉक्टरबाई, गाय व्याली न् बसलीया. लवकर या." गेले. छातीला कान लावून वीस मिनिटं थेंब थेंब सोडलं. मग सुई काढली आणि सगळ्या गल्लीसमोर त्याला सांगितलं, "बेळगुंदीला असंच सोडलं असतं तर म्हस जगली असती. तुझ्या आप्पानं मारली आणि नाव माझं घेतलं."

त्याची मान खाली गेली. "आक्का, मला ठाऊक न्हवतं," म्हणाला. मी त्या मानेकडंच बघत राहिले. कसं गार वाटलं म्हणून सांगू!

मागं लोक ओरडले, "उठली, उठली!" वळले तोवर गाय वासराला चाटत होती.

हा कागद पाठवणार तरी कुठं? म्हणून लिहिते. बसलेली गाय उठताना आधी मागचे पाय उचलते, क्षणभर थरथरते, मग पुढचे टेकते. ते बघायसाठी मी डॉक्टर झाले होते. काल ते बघितलंच न्हाय. आणि सर, कालच असं न्हाय.