एक्सपायर या शब्दाचं मूळ

९ फेब्रुवारी
अण्णांना जाऊन सहा दिवस झाले. काका अजून घोटीच्या नातेवाइकांना फोनवर सांगतात, दादा एक्सपायर झाले हो. आमच्या लॅबमध्ये गोळ्या एक्सपायर होतात. वडील कसे होतील? मूळ शोधून काकांना दाखवणार. संध्याकाळपर्यंत होईल. आई चहालासुद्धा तोंड लावत नाही. मी ठीक आहे.

१० फेब्रुवारी
लॅटिन निघालं. एक्स म्हणजे बाहेर, स्पिरारे म्हणजे श्वास घेणं. एक्सपिरारे : श्वास बाहेर सोडणं. म्हणजे काका बरोबर. विषय संपला. उद्या कामावर.
फक्त एक शंका. सोडणं ही अर्धीच क्रिया झाली.

११ फेब्रुवारी
कामावर गेले नाही. शब्द अजून पुरता तपासलेला नाही.
अण्णांच्या खोलीतून त्यांच्या दम्याची बारीक शिट्टी येते. फ्रिज असणार. फ्रिज बंद केला. शिट्टी चालूच. दूध नासलं. उज्ज्वलाआत्या म्हणाली, झालं का सायन्स? आता दूध आण.

१२ फेब्रुवारी, सायं. ७
दहावं झालं. आत्याने अण्णांच्या खोलीत परातीत तांदळाचं पीठ पसरलं, शेजारी दिवा लावला, परातीवर टोपली झाकली. पिठावर सकाळी जी खूण दिसेल त्यावरून गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते कळतं म्हणे. मी म्हटलं, झुरळाच्या. आत्या म्हणाली, तू बाई गोळ्याच तपास.
स्पिरारेच्या मागे काय? कोशात 'मूळ अनिश्चित'. हे उत्तर मला मान्य नाही.

सायं. ८
शिट्टी परातीजवळून येते असं वाटलं. टोपली उचलून, खाली वाकून ऐकलं. फक्त निरीक्षण. टोपली होती तशी ठेवली.

१३ फेब्रुवारी
सकाळी टोपली काढली. पाऊल नाही, नखं नाहीत. कडेला एक गुळगुळीत खळगा. आत्या म्हणाली, असा प्राणी नसतो गं. आई म्हणाली, फुंकर आहे ही. चहा बशीत ओतून, फुंकर घालून हे आधी मलाच द्यायचे. मग माझ्याकडे वळून म्हणाली, तू लॅबवाली ना, तूच सांग, फुंकरच ना?
मी हो म्हटलं. आईने चहा मागितला. दोन बशा प्यायली.
नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिते. काल मी नुसतं ऐकत नव्हते. पिठाजवळ तोंड नेऊन म्हणत होते, अण्णा, आता श्वास आत घ्या. आत घ्या ना.