सरांचे शब्द उघडले

मंगळवार, अकोल्याला परतल्यावर

काय घाई होती मला अपडेट करायची? नांदगावच्या आमच्या शाळेतल्या सरांनी वऱ्हाडी शब्द जमवले, ते ठेवायला प्रोग्राम मीच करून दिला होता. त्यातल्या, शब्द साठवणाऱ्या तयार डेटाबेस लायब्ररीची नवी आवृत्ती टाकली, तर तिच्या एका पॅकेजची फोड होऊन तीन वेगवेगळी झालेली. जुन्या फायली वाचणारं तिसरं पॅकेज त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसेचना. सरांचा रोज फोन, कधी तर तासाभरात विसरून परत तोच, "पोरी, उघडले का वं माहे शब्द?"

त्या तिसऱ्या पॅकेजपायी आठवडा गेला.

आज जाऊन जुनीच आवृत्ती परत बसवली. शब्द उघडले. सर वाचत राहिले, मग म्हणाले, "मस्त हायेत. कोनं जमवले वं?"

"तुम्हीच, सर."

"काहून मजाक करतं?" ते हसले.

मीही हसले त्यांच्याबरोबर.