एकदाही नको म्हणायचं नाही

१४ मार्च, शनिवार

हरीशने पार्कची तिकिटं काढली! विमानाची आधीच झाली होती. जपानमधलं ते पार्क — तनयाच्या वर्गातल्या प्रत्येकाला त्यातला कोपरा न् कोपरा पाठ असलेलं. सात एप्रिल. आता माघार नाही.

तनया सोफ्यावरून उडी मारून माझ्या गळ्यात पडली. "मामा! एन्डलिश! एकदाचं!" अकरा वर्षांची झाली, पण मला, आईला, मामाच म्हणते, इथल्या जर्मन मुलांसारखी. नाशिकहून सासूबाई फोनवर विचारतात, "आणि मग खऱ्या मामाला काय म्हणते? मावशी?"

मग तिने एक व्हिडिओ दाखवला. रोलर कोस्टर. माणसं पोटावर आडवी टांगलेली, तोंडं खाली जमिनीकडे. मी हसत हसत पाहिला. म्हणजे पडद्याच्या कडेकडे पाहिलं.

१५ मार्च

अशा गाड्या अधांतरी बंद पडल्या तर माणसांना खाली कसं आणतात, ते शोधत बसले. शिडी असते. भूकंप झाला तर गाडी आपोआप थांबते. म्हणजे वरच.

ऑफिसात हेच माझं काम. इस्पितळातल्या यंत्रांचं सॉफ्टवेअर तपासायचं, काय काय बिघडू शकेल ते आधी हुडकायचं. तिथे मला दक्ष म्हणतात. घरी घाबरट.

१९ मार्च

भांडलो. आवाज न चढवता, म्हणजे जास्तच.

एल्टर्नआबेंडला गेलो होतो, पालकांची बैठक. बाई सहज म्हणाल्या, वर्ग क्लेटरहालेत, भिंती चढायच्या हॉलमध्ये, गेला होता, तनया भिंतीवर चढली नाही, खाली बाकावर बसून सगळ्यांच्या बाटल्या सांभाळत होती. हरीशने गाडीचं दार लावून घेतलं. मग म्हणाला, हे तुझं आहे. तिचं नाही, तुझं. पोर आधी तुझ्या तोंडाकडे बघते आणि मग ठरवते की घाबरायचं का.

"मला दत्ताकाकाने विहिरीत ढकललं होतं. पोहायला आलंच ना?"

"आणि बुडाला असतास तर?"

"बुडालो नाही ना! तुझं चाललं तर तू जिना चढतानासुद्धा तिला सीटबेल्ट लावशील."

मला हसू आलं, हाच त्याचा विजय.

पण तो म्हणतो ते खरं असेल तर? माझी भीती मी तिच्या डब्यात रोज भरून देत असेन तर? तिला पहिल्यांदा एकटीला बसने पाठवलं तेव्हा मी पुढच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिले होते. तिने खिडकीतून पाहिलं मला. तेव्हा वाटलं होतं, तिला बरं वाटलं असेल. आज वाटतं, तिला काय कळलं असेल? की बस ही भीतीची गोष्ट आहे.

२० मार्च

ठरवलं. पार्कमध्ये एकदाही नको म्हणायचं नाही. हरीशला सांगितलं. तो म्हणाला, बघू.

२९ मार्च

बॅगा भरल्या. औषधांची वेगळी पिशवी हरीशने उघडून पाहिली आणि काही न बोलता बंद केली. त्याचं ते काही न बोलणं!

५ एप्रिल

जपान. हरीशचं नागोयातलं काम संपलं, आता तिघं मोकळे. सगळं नीटनेटकं, शांत, स्वच्छ. तरी झोप नाही. हॉटेलच्या दारामागे भूकंपाच्या वेळी काय करावं त्याची चित्रं आहेत. तनयाने ती लक्षपूर्वक वाचली आणि मला विचारलं नाही की असं खरंच होतं का. जेवणही कमी. हरीश म्हणतो, एक्साइटमेंट. असेल.

७ एप्रिल

आजच लिहायला हवं. उद्या लिहिलं तर मी ते स्वतःला सोयीचं करून लिहीन.

दुपारपर्यंत छान होतं. मी एकदाही नको म्हणाले नाही. बोटीत चिंब भिजले, अंधाऱ्या गुहेत ओरडले, तनयाने दिलेली कानवाली टोपी घालून फिरले. हरीश म्हणाला, "कोण आहात आपण? माझी बायको कुठे ठेवलीत?" तनया हसली. मला वाटलं, जमतंय की. इतकं सोपं होतं हे?

मग ती रांग.

मी चढणार नव्हते, माझी मान दुखते म्हणून. बॅगा घेऊन बाहेर उभी होते. ऐन वेळी ज्यांचा धीर सुटतो त्यांना बाहेर पडायला रांगेच्या शेवटी एक छोटं फाटक आहे, त्याच्याजवळ. दोन्ही हातांत पिशव्या, डोक्यावर ती टोपी. रांगेत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मधूनच वरून गाडी जायची तेवढा लोखंडाचा खडखडाट आणि किंचाळ्या, की परत शांत.

तनया फाटकाशी पोचली. मागे हरीश. तिने फाटकाचा दांडा धरला आणि माझ्याकडे पाहिलं. काहीतरी विचारलं. नेमकी तेव्हाच गाडी वरून गेली. मला तिचे नुसते ओठ हललेले दिसले.

चेहरा मात्र दिसला. तो मी ओळखते. दोन वर्षांची असताना लसीच्या सुईकडे बघून व्हायचा तसा.

मी नको म्हणाले नाही. शब्द पाळला! पण राहवलंही नाही. दोघांना म्हणाले, "या. या परत." हात गुंतलेले, म्हणून खूण करता आली नाही. आवाज किती निघाला ठाऊक नाही. ठरवून चेहऱ्यावर चिकटवलेलं हसू तसंच होतं, ते काढायला सुचलं नाही.

तिने दांडा सोडला. मला वाटलं, येते. ती वळली आणि पुढे गेली. हरीश तिच्या मागून.

मला वाटलं — माझं ऐकलं नाही तिने. आणि खरं सांगते, त्या भीतीतही थोडा अभिमान वाटला.

खाली आली तेव्हा हरीशने तिचा दंड धरला होता. चेहरा पिठासारखा. पँट पुढून ओली. मी पिशव्या टाकून जॅकेट तिच्या कमरेला बांधलं. ती माझ्याकडे बघेना. "पहिल्यांदा होतं असं," हरीश म्हणाला, "पण केलंस की नाही? शाबास!"

बाहेर पडताना फोटो दाखवतात. सगळ्यांची तोंडं उघडी. हिचे डोळे गच्च मिटलेले, ओठही. ती किंचाळलीसुद्धा नव्हती. हरीशने मोबाइलवर तो टिपला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. सासूबाईंचा अंगठा आला.

८ एप्रिल

तनया बोलत नाही. मान दुखते का, डोकं दुखतं का — मान हलवते. नाही.

११ एप्रिल

रेगेन्सबर्ग. आपलं घर, आपली गादी. तरी दिवा चालू ठेवून झोपली.

मला कारण कळतंय असं वाटतं. ती हिंमत करून उभी होती आणि मी सगळ्यांसमोर बाळासारखं तिला परत बोलावलं. तरी ती गेली, आणि मग ते तसं झालं. म्हणजे माझंच खरं ठरलं. तो राग आहे माझ्यावर. असणारच.

हरीशला विचारलं, मी तिथे बोलायला नको होतं का? तो बॅग उपसत होता. "सोड ना आता," म्हणाला.

१४ एप्रिल

शाळा सुरू झाली. ती सगळं ऐकते आणि मला त्याचीच भीती वाटायला लागली आहे.

पूर्वी प्रत्येक गोष्टीला फाटे फोडायची. का, कशाला, वारूम. आता नाही. सकाळी घाईत म्हटलं, दूध पिऊन टाक. प्यायली. दूध तिला लहानपणापासून आवडत नाही, ओकारी येते. तिने ग्लास रिकामा केला, विसळला आणि जागेवर ठेवला. स्वेटर घाल म्हटलं, घातला. बाहेर ऊन होतं.

मी मुद्दाम म्हटलं, "नको असेल तर नको घालूस." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला फसवायला बघते आहे.

१६ एप्रिल

बाईंचा फोन. ऑफिसात होते, जिन्यात जाऊन बोलले.

आज पोहण्याचा तास होता. उंच फळीवरून उडी मारायची, तीही ज्यांना हवी त्यांनीच. तनया आपणहून रांगेत शिरली, वर चढली आणि तिथे उभी राहून रडायला लागली. उडी मारेना, खालीही येईना. शेवटी बाई स्वतः वर गेल्या. म्हणाल्या, अगं, नको होतं तर विचारायचंस ना. त्यावर ती काय म्हणाली, ते बाईंनी मला दोनदा सांगितलं. विचारून उपयोग नसतो. मी मामाला विचारलं होतं.

घरात कुणी जबरदस्ती करतं का? — बाईंनी हळू आवाजात विचारलं. मी म्हणाले, नाही. आणि म्हणताना माझीच खात्री वाटेना. मी काय केलं आहे? कधी विचारलं तिने मला?

हरीशला अजून सांगितलेलं नाही. तो म्हणेल, बघ, चढली तरी!

१८ एप्रिल, शनिवार

केसांना तेल लावायला बसवलं. पाठमोरी असली की ती बोलते. मी मराठीत, ती जर्मनमध्ये, नेहमीसारखं.

म्हटलं, तू मला काय विचारलं होतंस ते मला आठवत नाही. सांगतेस?

मग म्हणाली, तिथे. फाटकापाशी.

"मला ऐकूच आलं नव्हतं, तनू. गाडी गेली ना वरून."

"आलं होतं," ती म्हणाली. "मी विचारलं, मुस इश?"

मुस इश. जायलाच हवं का?

"आणि तू म्हणालीस, या. हसत म्हणालीस."

माझे हात तिच्या केसांतच राहिले.

या. जर्मन या. हो. जायलाच हवं.

आम्ही तिला ये म्हणतो. जन्मापासून ये. या कधी ऐकणार ती? या पाहुण्यांना म्हणतात, आणि इथे पाहुणे येतात किती? मी दोघांना मिळून म्हणाले, म्हणून या. पुढचं 'परत' खडखडाटात गेलं. त्या अख्ख्या रांगेत, त्या अख्ख्या पार्कमध्ये कदाचित, या दोन्ही भाषा कळणारे आम्ही तिघंच. आणि मी तिला परत बोलावलं तेच तिला ढकलणं झालं.

मी तिला समोर बसवलं आणि सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. ती ओठ हलवून म्हणून बघत होती — या, या. मग म्हणाली, म्हणजे तू 'नाही' म्हणालीस?

"'नाही'च म्हणाले. येच म्हणाले."

तिचा चेहरा एकदम लहान झाला. म्हणाली, मला माहीत होतं तू नाही म्हणशील, म्हणून तर तुला विचारलं. तू नेहमी नाही म्हणतेस. पापाला विचारलंच नसतं.

ती रडली, मग मी. तेलकट हातांनी तिचा चेहरा पुसला, तो आणखी तेलकट झाला. मग ती हसलीसुद्धा.

माझी भीती तिला नडते असं समजून मी ती महिनाभर दाबत होते. आणि ती मागे टेकायला तीच शोधत होती. हे बरं आहे की वाईट? मला ठरवता येत नाही. आज ठरवायचंही नाही.

१९ एप्रिल

दिवा बंद करून झोपली!! सकाळी दूध दिलं. "नाइन," म्हणाली. नाही. इतका सुंदर शब्द!

२० एप्रिल

जेवताना हरीशला सगळं सांगितलं. बाईंचा फोन, मुस इश, या. शेवटी हसायचं असतं असं धरून मी ते मजेशीर करून सांगितलं, की एका शब्दाने कसा घोटाळा केला बघ.

तो पोळी तोडत म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. ती काय विचारतेय तेही, आणि तू काय म्हणालीस तेही. म्हटलं, निघालीय तर निघू दे. नाहीतर कधी गेली असती?"

तनया भाताचं पातेलं घेऊन दारात उभी होती. तिने ते ओट्यावर ठेवलं.

"पापा, तुला कळलं होतं?"

मराठीत विचारलं. हरीश माझ्याकडे पाहू लागला. मी तनयासाठी माझ्या शेजारची खुर्ची ओढली.