मागं पडणारी बाई

९ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा ग्रुपातून सुटले! निमोण्याच्या अलीकडच्या चढालाच.

कालपासून स्वतःला बजावत होते — ज्ञानेश्वरी, पुढच्या सुमितच्या सायकलचं मागचं चाक सोडायचं नाही. फास्ट ग्रुपात सगळा खेळ पुढच्या चाकाचा असतो. हातभर अंतर ठेवून चिकटून राहिलं की वारा पुढचा खातो, आपण निम्म्या ताकदीत जातो. तेच अंतर जरा वाढलं की संपलं. मग वारा खा एकटीनं.

आजही तेच. पाय भरून आले, अंतर वाढलं आणि सगळा ग्रुप बघता बघता उसाच्या ट्रॉलीच्या पुढं निघून गेला. रडू आलं. अडतीस वर्षांची बाई, डोक्यावर हेल्मेट, भर रस्त्यात रडतीये!

हे नेहमीसारखे माघारी वळले. "चल, मी हाय ना." शेवटपर्यंत माझ्याबरोबर हळूहळू आले. मागून दुसरा ग्रुप आला — सावकाश जाणाऱ्यांचा. त्यातल्या बायका ओरडल्या, "गोकुळभाऊ, नवरा असावा तर असा!" ह्यांनी हात केला. मी रुमालानं नाक पुसलं.

चहाच्या टपरीवर मल्हारी सर. शाळेत पीटी शिकवतात. क्लब त्यांनी आणि ह्यांनी मिळून काढला. म्हणाले, "ताई, डिसेंबरपासनं जो शेवटपर्यंत टिकतो तोच फास्ट ग्रुपात. बाकीचे दुसऱ्यात. अजून दोन-तीन रविवार हायेत तुमच्याकडं. खाणं वाढवा. बायकांना रक्त कमी असतं."

गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून या ग्रुपात मी एकटी बाई. दुसऱ्या ग्रुपाला मी नावं ठेवत नाही. पण मी तिथली नाही. हे मला आतून कळतं, आणि पाय काही ऐकत नाहीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेबारा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान आहे की! त्रास काय होतोय तुम्हाला?" काय सांगू — सुमितचं चाक सुटतं म्हणून?

१६ नोव्हेंबर, रविवार. कुरकुंभ

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून काल कंपनीतून सुटल्यावर थेट माहेरी. सायकल शिरूरला घरीच. सृष्टी, माझी धाकटी बहीण, इथल्या कंपनीत आहे आणि दौंडच्या क्लबात जाते. पहाटे नाइट करून आली, डोळे तांबडे. "आक्का, माझी सायकल घेऊन जा. मला झोपू दे." दोघींची सायकल सारखीच. एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेली.

गेले. ओळखीचं कुणी नाही. म्हटलं, इथं सुटले तर निदान कुणी बघायला नाही.

सुटले नाही!! पाटसला जाऊन परत, आणि कुरकुंभचा चढसुद्धा. दोनदा तर मीच पुढं जाऊन वारा खाल्ला. मागून एक पोरगा ओरडला, "ओ ताई, जरा दमानं! मागं माणसं हायेत!" आयुष्यात मला कुणी दमानं घ्या म्हटलेलं नाही. ॲव्हरेज बघितलं तर आमच्या शिरूरच्या ग्रुपापेक्षा जास्त.

घरी आले तर आई काळा चष्मा लावून ओट्यावर. नुसत्या चालीवरून म्हणाली, "कोण गं? इतकी उड्या मारत कोण आली?"

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ह्यांना सांगितलं. वाटलं खूश होतील. "त्यांचा ग्रुप ढिला असंल," म्हणाले आणि ताटातच बघत राहिले. बरं, असेल ढिला. पण ॲव्हरेज कसा ढिला असेल?

२२ नोव्हेंबर, शनिवार

दर शनिवारी संध्याकाळी मोटार वाइंडिंगचं दुकान बंद केलं की हे दोन्ही सायकली ओट्यावर घेतात. पुसतात, साखळीला तेल देतात, हवा भरतात. माझी आधी, मग स्वतःची. शेजारची ताईबाई तर नवऱ्याला बोलावून दाखवते — "बघा, बघा, शिका काहीतरी." मी कधी पान्याला हात लावलेला नाही. ते खातं ह्यांचं.

आज हे आंघोळीला गेले. मी कपडे वाळत घालत होते. सहज माझ्या सायकलचं मागचं चाक उचललं आणि फिरवलं. अर्धा फेरा, आणि थांबलं. ह्यांच्या सायकलचं फिरवलं — फिरतंय आपलं, फिरतंय. वाकून बघितलं. माझ्या ब्रेकचं रबर एका बाजूनं रिमला टेकलेलं.

चुकून राहिलं असेल. दिवसभर मोटारी बांधून माणूस दमतो. ब्रेकच्या तारेच्या टोकाला बारकी मळसूत्री असते, बोटांनीच फिरते. फिरवली. चाक मोकळं झालं. ह्यांना बोलले नाही. मन लावून करतात बिचारे, उगाच वाईट वाटायचं.

२३ नोव्हेंबर, रविवार

आल्या आल्या वही काढली.

पहाटे निघताना चाक फिरवलं. अर्धा फेरा. थांबलं. पुन्हा आवळलेलं! पोरगा लातूरला क्लासला. घरात आम्ही दोघंच. आणि हे अंगणात हेल्मेटचा पट्टा लावत विचारतात, "झालं का गं?"

"झालं," म्हटलं.

स्टँडसमोर सगळे जमले. हे सुमितशी बोलत होते तेवढ्यात मी खाली वाकले आणि मळसूत्री सोडवली.

टिकले. चढाला टिकले, वळून परत येताना टिकले, सुमितचं चाक शेवटपर्यंत सोडलं नाही. पण आनंद कुठला! माझे कान मागं. चढाला हे चार सायकली मागं होते. मग सगळ्यांच्या मागं. मग मान खाली घालून बरेच लांब. मग दिसेनात. मी मागं पडले की एक जण माघारी वळतो. आज कुणी वळलं नाही. कुणी "गोकुळभाऊ कुठंय?" एवढंही विचारलं नाही.

चहा संपल्यावर हे आले. "पंक्चर झालं." ट्यूब बदलल्यावर हात काळे होतात. ह्यांचे स्वच्छ होते. तरी कुठलं चाक, कुठं झालं, कुणी विचारलं नाही. मल्हारी सर ह्यांच्याकडं न बघता माझ्याकडं बघत होते. शाबास म्हणाले नाहीत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

अहो-जाहो बंद. या वहीत तरी बंद. गोकुळ. गोकुळनं केलं हे.

मी विचारलं होतं त्याला! सुरुवातीलाच. "काहीतरी घासल्यासारखं वाटतंय हो." "नवं रबर हाय, बसंल." मी गप्प बसले. कारण गोकुळ म्हणाला ना! मग वर्षभर नाचणी खाल्ली, मोडाचे मूग खाल्ले, सणसवाडीला कंपनीचा जिना पळत चढले. पोरी हसायच्या. आणि हा मला शेंगदाण्याचे लाडू आणून द्यायचा. ताकद यावी म्हणून! लाज कशी वाटली नाही रे तुला?

सृष्टीचा फोन आला. "आक्का, आवाज का असा?" सर्दी म्हणाले. तिलाही सांगितलं नाही, कुणालाच नाही. नवऱ्यानं बायकोचा ब्रेक आवळला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

२६ नोव्हेंबर, बुधवार

विचारलं. भाकरी थापताना, मान वर न करता. "माझा ब्रेक का आवळत होता?"

"काय तरीच!" म्हणाला. मी भाकरी तव्यावर टाकली. मग तो पाटावर बसला.

"दम पुरत न्हाई गं आता. दोन वर्षं झाली. चढाला छाती फुटती. ग्रुप मी उभा केला. म्या मागं पडायचं? तू मागं पडलीस की मला वळता येतं. कुणी काय म्हणत न्हाई. उलट चांगलंच म्हणत्यात."

म्हणजे तो माझ्यासाठी थांबत नव्हता. माझ्यामागं लपत होता! आणि मी त्याचे उपकार मानत होते. देवापुढं हात जोडलेत मी, असा नवरा दिला म्हणून.

"मला सांगितलं असतं तर मी आपणहून मागं राहिले असते."

"त्येच नको हुतं," म्हणाला.

खरं सांगते, राहिले असते. वर्षभर काय, दहा वर्षं राहिले असते, आणि कुणाला कळूही दिलं नसतं. तेच मला खातंय. हातानं दिलं असतं ते त्यानं चोरून घेतलं, आणि वर मला माझेच पाय खोटे वाटायला लावले.

"चुकलो. परत न्हाई करायचा." रडला. मी त्याला रडू दिलं. भाकरी करपली, तीच दोघांनी खाल्ली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

बोलणं कामापुरतं. दूध आणलं का, गॅस लावला का.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मल्हारी सरांचा फोन. वाटलं, फास्ट ग्रुपाचं पक्कं झालं.

"ताई, गोकुळ उद्यापासनं येत न्हाई म्हणतोय. पोरं नाराज हायेत. वर्षभर कसं नीट चाललं हुतं. तुम्ही तो मागचा ब्रेक हुता तसा राहू द्या की. आपल्या माणसाचा मान हाय."

मी विचारलं, "सर, ब्रेकचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आता ह्यात सांगायचं काय, ताई! तुमच्या मागं जो असतो त्याला रबर घासल्याचा आवाज येतोच की. आन् सगळेच आळीपाळीनं तुमच्या मागं राहिल्यात."